दोष आणि गुन्हा : ‘श्यामा’ ते ‘गांधी मला भेटला’

मराठी साहित्यातील अश्लीलतेच्या खटल्यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात बहुधा लेखकाच्या चरित्रातील एक तपशील म्हणून येतो. र. धों. कर्वे यांच्यावर खटले झाले, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर खटला होऊन ते निर्दोष सुटले, ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकाचा वाद उच्च न्यायालयात गेला, एवढी नोंद करून इतिहासकार पुढे जातो. खटल्याचा निकाल सांगितला जातो. निकालपत्र मात्र वाचले जात नाही. वास्तविक, न्यायाधीशाने एखादी कथा अथवा कविता वाचून तिच्याविषयी सकारण लिहिलेला मजकूर हा त्या कृतीच्या ग्रहणाचा लिखित पुरावा असतो. ज्या वाचनाच्या अखेरीस दंड, कारावास किंवा प्रती नष्ट करण्याचा आदेश येऊ शकतो, असेही ते वाचन असते. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवावी असे काहीही त्यात नाही.

ही निकालपत्रे साहित्याच्या दृष्टीने वाचू लागले की एक प्रश्न सतत पुढे येतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले आहे ते नागरिकाला. ते चांगल्या लेखकाला दिलेले नाही, आणि वाईट लेखकाला नाकारलेलेही नाही. अनुच्छेद १९(२) नुसार सभ्यता अथवा नीतिमत्ता यांच्या हितार्थ या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. परंतु वाङ्मयीन गुणवत्तेचा उल्लेख त्या दोन्ही ठिकाणी नाही. असे असता, खटला उभा राहिला की बचावाची पहिली धाव वाङ्मयीन गुणवत्तेकडेच का जाते? प्राध्यापक आणि समीक्षक साक्षीला का येतात? आणि ज्या कृतीच्या बाजूने एकही समीक्षक उभा राहणार नाही, तिच्या लेखकाचे स्वातंत्र्य कशाच्या आधारे टिकावे? या प्रश्नाला भारतीय न्यायालयांनी एकच एक उत्तर दिलेले नाही. त्यांनी निरनिराळ्या काळी दिलेल्या उत्तरांपैकी दोन महत्त्वाची उत्तरे मराठी कृतींच्या निमित्ताने आली आहेत.

प्रथम ‘अश्लील’ या शब्दाकडे पाहणे इष्ट ठरेल. कारण तो दोन वेगळ्या घरांत वाढलेला शब्द आहे. काव्यशास्त्रात अश्लील हा काव्यदोष होय. मम्मटाने त्याचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार केले. लाज वाटावी, किळस यावी किंवा अशुभाची सूचना व्हावी, अशा शब्दयोजनेने रसास्वादात विघ्न येते म्हणून तो दोष. ग्राम्यता हा त्याहून निराळा दोष मानला गेला. महत्त्वाचे म्हणजे हे दोष नित्य नव्हेत. संदर्भ बदलला, बोलणारे पात्र बदलले, तर अश्लीलही दोष राहत नाही आणि क्वचित गुणही ठरतो, हे मम्मटाला मान्य आहे. या दोषाचे शासन काय, तर सहृदयाची नापसंती. त्यापलीकडे काव्यशास्त्राला दंडशक्ती नाही.

दंडविधानातील ‘अश्लील’ हा इंग्रजी कायद्यातील कल्पनेला दिलेला मराठी शब्द आहे, आणि त्या कल्पनेचा रसास्वादाशी काहीही संबंध नाही. १८६८ साली इंग्लंडमधील हिक्लिन खटल्यात मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी जी कसोटी सांगितली, तिचा आशय असा : ज्यांची मने अशा अनैतिक प्रभावाला खुली आहेत आणि ज्यांच्या हाती हे लेखन पडण्याचा संभव आहे, त्यांना भ्रष्ट व नीतिच्युत करण्याकडे त्या लेखनाचा कल आहे काय? ज्या पुस्तिकेवरून हा खटला झाला ती कॅथलिक पंथाच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करणारी होती. ललित वाङ्मयाशी तिचा काहीच संबंध नव्हता. तरीही तिच्यावरून घडलेली कसोटी पुढे जवळजवळ शतकभर कादंबऱ्यांना लावली गेली. या कसोटीचा वाचक म्हणजे सहृदय नव्हे. तो सर्वांत दुबळा, सर्वांत सहज बिघडणारा वाचक होय. काव्यशास्त्र सर्वांत समर्थ वाचक डोळ्यांसमोर ठेवून दोष सांगते, तर हा कायदा सर्वांत असमर्थ वाचक डोळ्यांसमोर ठेवून गुन्हा ठरवतो. शब्द एकच असल्याने मराठी चर्चेत या दोन गोष्टींची सरमिसळ फार झाली आहे.

भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये सुरुवातीच्या काळात जो अपवाद होता तो केवळ धार्मिक हेतूने ठेवलेल्या वा वापरलेल्या वस्तूंचा आणि देवळांवरील शिल्पांचा. विज्ञानाला आणि साहित्याला त्यात जागा नव्हती. ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकासाठी र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली चाललेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लैंगिक आरोग्याला वाहिलेल्या मासिकाला वाचकांनी त्या विषयावरील प्रश्न विचारले, तर त्यांची उत्तरे का देऊ नयेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. युक्तिवाद विषयाला धरून होता. पण त्याला टेकण्यासाठी कलमात एक शब्दही नव्हता. कर्वे यांना दंड झाला. तेव्हा संविधान नव्हते, त्यामुळे मूलभूत हक्काचा प्रश्न उपस्थित करण्याचीही सोय नव्हती, ही गोष्ट त्या निकालाचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावयास हवी.

संविधान आल्यावर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे प्रथम नीट मांडला गेला तो उदेशी खटल्यात. मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्या संस्थेच्या भागीदारांवर डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची विक्री केल्याबद्दल खटला झाला होता. बचावासाठी मुल्कराज आनंद यांनी साक्ष दिली. १९६४ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने न्या. हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. कलम २९२ संविधानाशी विसंगत नाही, हिक्लिनची कसोटी टाकून देण्याचे कारण नाही, आणि पुस्तक अश्लील आहे की नाही हे अखेर न्यायालयानेच ठरवावयाचे असून ते साक्षीदारांवर सोपवता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. साहित्याच्या दृष्टीने या निकालातील सर्वांत लक्षणीय भाग वेगळाच आहे. कला आणि अश्लीलता एकत्र आल्या असतील, तर कला इतकी वरचढ हवी की तिच्यापुढे अश्लीलता झाकोळून जावी, असे सूत्र त्यांनी मांडले. लॉरेन्सची कादंबरी त्या कसोटीला उतरली नाही आणि विक्रेत्यांची शिक्षा कायम राहिली. चारच वर्षांपूर्वी, १९६० साली, इंग्लंडमधील ज्यूरीने याच कादंबरीच्या प्रकाशकाला निर्दोष सोडले होते.

संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हे सूत्र अपरिचित वाटणार नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात जवळजवळ हेच म्हटले आहे. व्युत्पत्तीच्या अभावी आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो, आणि त्याचे उदाहरण म्हणून त्याने ‘कुमारसंभवा’तील देवीच्या संभोगवर्णनाचा निर्देश केला आहे. उत्तम देवतांच्या शृंगाराचे असे वर्णन अनुचितच. पण कालिदासाच्या प्रतिभेने ते अनौचित्य असे झाकले आहे की ते ग्राम्य वाटत नाही. न्या. हिदायतुल्ला यांनी आनंदवर्धन वाचला होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. दोन्ही ठिकाणी विचाराची घडण एकच आहे, इतकेच. फरक आहे तो परिणामात. आनंदवर्धनाच्या न्यायाने ज्या कवीजवळ शक्ती नाही त्याचा दोष उघडा पडतो. उदेशी खटल्याच्या न्यायाने ज्या लेखकाजवळ शक्ती नाही तो, आणि त्याच्यासोबत त्याचा विक्रेताही, गुन्हेगार ठरतो. काव्यशास्त्रातील एक मार्मिक निरीक्षण कायद्यात आले की त्याला प्रतिभेची सक्ती असे रूप येते.

या पार्श्वभूमीवर चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरील निकाल वाचावयास हवा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ही कथा प्रसिद्ध झाली. काकोडकर हे विपुल लिहिणारे, वाचनालयांतून हातोहात जाणारे लोकप्रिय कथाकादंबरीकार. समीक्षेने त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. कथेचा नायक कवी आहे, आणि त्याच्या आयुष्यात क्रमाने आलेल्या स्त्रिया व त्यांतील श्यामा या हिच्या कथानकाच्या कक्षा होत. कथेतील काही पृष्ठांवरचे परिच्छेद दाखवून खाजगी फिर्याद दाखल झाली. दंडाधिकाऱ्याने आरोपींना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने मात्र तो निकाल फिरवून लेखक आणि मुद्रक-प्रकाशक यांना दोषी धरले. प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि आरोपींच्या ताब्यातील अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. दंडाची रक्कम पाहून हा खटला किरकोळ होता असे समजण्याचे कारण नाही. पंचवीस रुपये भरून मोकळे होणे लेखकाला सहज शक्य होते. परंतु ते भरले असते तर ‘अश्लील लेखनाबद्दल शिक्षा झालेला’ ही ओळख आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश, दोन्ही कायम राहिले असते. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी न्या. पी. जगनमोहन रेड्डी यांनी निकाल दिला. हिक्लिनच्या शब्दांना त्यांनी उघडपणे फाटा दिला नाही. उदेशी खटल्याचा निकाल मोठ्या पीठाचा असल्याने तसे करणे शक्यही नव्हते. परंतु त्या शब्दांच्या आतला वाचक त्यांनी बदलला. अश्लीलतेची कल्पना देशपरत्वे आणि समकालीन समाजाच्या नीतिकल्पनांनुसार बदलते. एका देशात साहित्य मानले गेलेले लेखन दुसऱ्या देशात अश्लील ठरू शकते, हे त्यांनी आधी नोंदवले. मग आपल्या समाजाकडे वळून त्यांनी दाखवले की येथील मानदंड वेगाने बदलत आहेत. प्रौढांना तसेच किशोरवयीनांना कामविषयक आणि प्रेमविषयक आशय असलेले विपुल वाङ्मय उपलब्ध आहे. पाव शतकापूर्वी आक्षेपार्ह वाटली असती अशी दृश्ये चित्रपटांत दिसत आहेत. लेखनातील कामविषयक उल्लेखाने किशोरवयीन वाचक बिघडेल, म्हणून लेखकाने तो टाळलाच पाहिजे असा आग्रह धरणे, म्हणजे लेखकांनी केवळ किशोरांसाठीच लिहावे आणि प्रौढांसाठी लिहूच नये असे म्हणण्यासारखे आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. हिक्लिनच्या दुबळ्या वाचकाला एकट्याने सगळ्या वाङ्मयावर राज्य करू देण्यास न्यायालयाने येथे नकार दिला.

दुसरा मुद्दा समग्रतेचा. सुटे परिच्छेद उचलून नव्हे, तर संपूर्ण कथेचा साकल्याने विचार करून निर्णय घ्यावा, असे न्यायालयाने म्हटले आणि तसे केले. हा मुद्दा साहित्याच्या वर्गात नवा नाही; पण न्यायालयात तो सहज मान्य होत नव्हता.

तिसरा मुद्दा मात्र सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. न्यायालयाने ‘श्यामा’ची स्तुती केली नाही. ही कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, तिची शैली अपक्व व नीरस असेल, असे निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे. आणि लगेच, तरीही ती अश्लील नाही, ती हीन अभिरुचीला खाद्य पुरवण्यासाठी लिहिलेली नाही, असा निर्णय दिला आहे. म्हणजे उदेशी खटल्यातील तराजूच येथे बाजूला ठेवला गेला. कलेचे पारडे जड आहे काय, असे न विचारता, गुन्हा घडला आहे काय, एवढेच विचारले गेले. कथा सामान्य आहे हा तिचा दोष. दोषासाठी वाचकाने अंक मिटावा, समीक्षकाने टीका करावी. त्यासाठी लेखकाला दंड करण्याचे प्रयोजन नाही. दोष आणि गुन्हा यांची ही फारकत मराठीतील एका श्रेष्ठ कृतीच्या निमित्ताने न होता, दिवाळी अंकातील एका लोकप्रिय कथेच्या निमित्ताने झाली, हे एका अर्थी योग्यच झाले. श्रेष्ठ कृतीच्या बाबतीत ही फारकत करण्याची गरजच पडली नसती. तिथे स्तुतीने काम भागले असते. (काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला, एवढे त्यांच्या वाचकवर्गाचा अंदाज यावा म्हणून सांगावयास हरकत नाही.)

१९६९ सालीच मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठाने गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’ या मराठी पुस्तकावरील जप्तीचा आदेश रद्द केला. तेथे प्रश्न अश्लीलतेचा नव्हता. समाजगटांत वैमनस्य वाढवल्याचा आरोप होता, म्हणून त्या निकालाची सविस्तर चर्चा येथे अप्रस्तुत ठरेल. परंतु न्या. य. वि. चंद्रचूड यांच्यासारखे मराठीभाषक न्यायमूर्ती त्या पीठावर होते. पुस्तक पटण्याजोगे आहे काय हा प्रश्न त्यांनी निर्णायक मानला नाही. त्याचा एकंदर परिणाम कायद्याने वर्णिलेल्या गुन्ह्याचा आहे काय, हेच पाहिले. ‘श्यामा’च्या निकालाशी या पद्धतीचे नाते उघड आहे.

त्याच वर्षी संसदेने कलम २९२ मध्ये मोठी दुरुस्ती केली. शिक्षा वाढली : पहिल्या दोषसिद्धीला तीन महिन्यांऐवजी दोन वर्षांपर्यंत कारावास. सोबत एक सवलतही आली. विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी केलेले प्रकाशन लोकहिताचे आहे असे सिद्ध झाल्यास ते या कलमाखाली येणार नाही, असा अपवाद घातला गेला. कर्वे यांना १९३४ साली जो आधार नव्हता तो पस्तीस वर्षांनी कायद्यात आला. या दुरुस्तीचे सर्वसाधारणपणे स्वागत झाले, आणि ते रास्तही होते. पण ‘श्यामा’च्या निकालाशेजारी ठेवून पाहिले असता तिची दुसरी बाजू दिसते. अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. आपले लेखन ‘साहित्याच्या हिताचे’ आहे हे त्याने दाखवावयाचे. मर्ढेकरांना हे शक्य आहे. ‘रंभा’च्या लेखकाला कोणता प्राध्यापक हे प्रमाणपत्र देईल? निकालाने जी फारकत केली होती तिच्यावर कायद्याने पुन्हा एक पूल बांधला. साहित्याला संरक्षण मिळाले, पण साहित्य म्हणून ओळखले गेल्यास.

दुरुस्तीतील आणखी एक तपशील साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे. लेखन ‘समग्रपणे’ घ्यावे असे कलम आता म्हणते. परंतु ज्यात दोन किंवा अधिक स्वतंत्र घटक असतील, तेथे त्यांतील कोणत्याही एका घटकाचा समग्र परिणाम पाहावा असेही म्हणते. दिवाळी अंकाच्या बाबतीत हे सयुक्तिकच आहे. एका कथेसाठी अख्खा अंक वाचण्याचे कारण नाही. परंतु काव्यसंग्रहाचे काय? संग्रहातील प्रत्येक कविता हा स्वतंत्र घटक मानला, तर कवितांच्या क्रमातून आणि परस्परांच्या छायेतून उभा राहणारा अर्थ कायद्याच्या कक्षेबाहेर पडतो. ‘समग्र’ म्हणजे किती, हा प्रश्न कादंबरीत सोपा आहे, कवितेत नाही.

समरेश बसू यांच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीवरील १९८५ चा निकाल हा या मालिकेतील पुढचा टप्पा. ‘देश’ पत्रिकेच्या १९६७ च्या शारदीय अंकात, म्हणजे आपल्याकडील दिवाळी अंकाच्या बंगाली भावंडात, ती प्रसिद्ध झाली होती. बुद्धदेव बसू बचावाचे साक्षीदार होते, तरीही खालच्या दोन्ही न्यायालयांत शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयात न्या. अमरेंद्रनाथ सेन यांनी न्यायाधीशाच्या वाचनाची एक रीतच सांगितली : त्याने आधी लेखकाच्या जागी उभे राहून त्याला काय सांगावयाचे आहे ते समजून घ्यावे, मग ज्यांच्या हाती पुस्तक पडेल अशा सर्व वयोगटांतील वाचकांच्या जागी उभे राहावे, आणि त्यानंतर निर्विकारपणे निर्णय करावा. त्यांनी ग्राम्य आणि अश्लील यांत केलेला भेद तर काव्यशास्त्राची आठवण करून देणारा आहे. रांगड्या, शिवराळ भाषेने किळस येईल, कंटाळा येईल. म्हणून वाचक भ्रष्ट होईल असे नाही. मम्मटाने जुगुप्सेला अश्लीलाच्या पोटी घातले होते. न्यायालयाने तिला गुन्ह्याच्या हद्दीबाहेर काढले. दलित आत्मकथनांच्या आणि ग्रामीण कथेच्या भाषेवर घेतले गेलेले आक्षेप आठवले, तर हा भेद मराठीच्या दृष्टीने किती उपकारक आहे हे सांगावयास नको.

२०१४ साली एका नियतकालिकातील छायाचित्रासंबंधीच्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची कसोटी स्पष्ट शब्दांत नाकारली आणि समकालीन समाजमानदंडांची कसोटी स्वीकारली. दुबळ्या वाचकाचे राज्य औपचारिकपणेही संपले. आता मार्ग मोकळा झाला असे वाटावे अशा वेळी, वर्षभराने, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील निकाल आला.

ही कविता त्याआधीच वाचकांपर्यंत पोहोचलेली होती. १९९४ साली बँक कर्मचारी संघटनेच्या, सभासदांपुरत्या वितरित होणाऱ्या पत्रिकेत ती पुन्हा छापली गेली आणि तेथून फिर्याद उद्भवली. आधी समाजात तेढ निर्माण केल्याचा आरोप होता. तो पुढे टिकला नाही, राहिले ते कलम २९२. कवितेत निवेदकाला गांधी ठिकठिकाणी भेटत जातो. निरनिराळ्या स्थळी, निरनिराळ्या व्यक्तींच्या व विचारप्रणालींच्या सहवासात तो त्या-त्या ठिकाणचा होऊन बसलेला दिसतो. गांधींच्या नावाचे जे झाले त्याची ही भेदक विडंबना आहे, असे तिचे वाचन मराठी वाचक सहज करू शकतो. त्या प्रत्येक भेटीतील भाषा त्या ठिकाणची आहे, आणि काही ठिकाणी ती शिवराळ आहे.

१४ मे २०१५ रोजी न्या. दीपक मिश्रा व न्या. प्रफुल्लचंद्र पंत यांच्या पीठाने निर्णय दिला. न्यायालयाचे मित्र म्हणून फली नरिमन यांनी साहाय्य केले. निकालपत्र दीर्घ आहे. काव्यस्वातंत्र्याच्या कल्पनेचा त्यात ऐसपैस धांडोळा घेतलेला आहे, आणि कवितेकडे कविता म्हणून पाहण्याची तयारीही आहे. परंतु निर्णय असा झाला : इतिहासात आदरणीय ठरलेल्या व्यक्तीचे नाव प्रतीक म्हणून घेऊन तिच्या तोंडी अश्लील शब्द घातले, किंवा तिच्या संदर्भात तसे शब्द वापरले, तर समकालीन समाजमानदंडांची कसोटी अधिक तीव्रतेने लागू होते. अशा व्यक्तींबाबत वेगळा गुन्हा निर्माण केलेला नाही, केवळ मात्रेचा फरक आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. प्रकाशकाने व मुद्रकाने पुढच्याच अंकात क्षमायाचना केली होती. त्यांना मुक्त करण्यात आले. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, कविता कसोटीला उतरते की नाही हे खालच्या न्यायालयाने ठरवावे, असा आदेश झाला. कविता पत्रिकेत छापली गेल्याला तेव्हा एकवीस वर्षे होत आली होती.

येथे पुन्हा आनंदवर्धनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. उत्तम देवतेच्या ठायी जे वर्णन अनुचित तेच सामान्य नायकाच्या ठायी अनुचित नाही, हा प्रकृति-औचित्याचा विचार होय. सर्वोच्च न्यायालयाची ‘मात्रा’ ही त्याच विचाराची आधुनिक आवृत्ती आहे. काव्यशास्त्रात तिला स्थान आहे. परंतु कलम २९२ विचारते ते वेगळेच : लेखन कामुक आहे काय, ते हीन लैंगिक कुतूहलाला आवाहन करते काय, वाचकाला भ्रष्ट करते काय? आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शिवी आल्याने वाचक दुखावेल, संतापेल; त्याच्या ठायी कामविकार अधिक तीव्रतेने जागा होईल असे म्हणता येत नाही. अनादर आणि अश्लीलता या दोन भिन्न गोष्टी आहेत. निकालाने त्या ‘मात्रे’च्या धाग्याने एकत्र ओवल्या, आणि ‘प्रजापति’च्या निकालाने गुन्ह्याबाहेर काढलेली जुगुप्सा आदराच्या दाराने परत आत आली.

दुसरी अडचण निवेदनाची. या कवितेत बोलतो कोण? ‘मला’ या सर्वनामामागचा निवेदक कवी नव्हे, आणि त्याला भेटणारा गांधी हा ऐतिहासिक मोहनदास करमचंद गांधी नव्हे. तो त्या नावाच्या आजच्या वापराचा गांधी आहे. शीर्षकातच एकेरी क्रियापद आहे. ते सलगीचे, की उपरोधाचे, की दोन्ही, हे कवितेच्या सुरावरून ठरवावे लागते. न्यायालयाच्या इंग्रजीत हा एकेरी-अनेकवचनी भेद उतरतच नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. मराठी कविता तेथे भाषांतराच्या रूपाने पोहोचते. भाषांतरात शिवीचा अर्थ पोहोचतो, तिची बोली पोहोचत नाही. म्हणजे जो भाग आक्षेपार्ह तोच सर्वांत कमी झीज होऊन प्रवास करतो, आणि ज्याच्यामुळे तो समर्थनीय ठरावा ते सगळे वाटेत गळते. ‘श्यामा’सारख्या सरळ कथनाला याचा फारसा फटका बसत नाही. विडंबनाला तो पूर्ण बसतो.

दोन्ही खटले शेजारी ठेवले तर एक विचित्र चित्र दिसते. ‘श्यामा’ सामान्य कथा आहे असे सांगून न्यायालयाने तिच्या लेखकाला सोडले. ‘गांधी मला भेटला’ या रचनेचे काव्य म्हणून गंभीर विवेचन करून तिच्या कवीला खटल्याकडे परत पाठवले. याचा अर्थ वाङ्मयीन गुणवत्ता निरुपयोगी आहे असा करणे चुकीचे होईल; ‘प्रजापति’च्या निकालात ती उपयोगी पडलीच. परंतु जेथे स्वातंत्र्य सर्वांत भक्कम पायावर उभे राहिले तेथे ते गुणवत्तेवर उभे नव्हते. गुन्ह्याची व्याख्या काटेकोरपणे वाचण्याच्या न्यायालयाच्या आग्रहावर ते उभे होते. साक्षीदार म्हणून बोलावल्या जाणाऱ्या समीक्षकाचे कामही त्यामुळे थोडे बदलते. कृती श्रेष्ठ आहे असे शपथेवर सांगण्यापेक्षा, कृतीत कोण बोलतो, कोणाशी, कोणत्या सुरात, आणि सुटे काढलेले वाक्य पूर्ण रचनेत काय करते, हे दाखवणे अधिक उपयोगाचे. ‘श्यामा’च्या निकालानेही साहित्यतज्ज्ञांची साक्ष अप्रस्तुत मानलेली नाही, निर्णय न्यायालयाचा, पण साक्ष विचारार्ह, अशी तिची जागा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलम २९२ चा आशय आता कलम २९४ मध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील आशयाचा उल्लेख नव्याने आला आहे आणि दंडाची कमाल रक्कम पहिल्या दोषसिद्धीसाठी दोन हजारांवरून पाच हजार रुपये झाली आहे. समग्रपणे वाचण्याची अट, स्वतंत्र घटकांची तरतूद आणि साहित्याच्या हिताचा अपवाद १९६९ च्याच शब्दांत पुढे आले आहेत. ‘साहित्य’ या शब्दाची व्याख्या नव्या संहितेतही नाही.